फोटोतले पाय

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुनंदा मगदूम मॅडम आमच्या दुकानाची पायरी चढल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्या या वेळेला कधीच येत नसत. वर्षातून दोनदा यायच्या, आणि तेही भर दुपारी, शेजारपाजारची शटरं अर्ध्यावर आलेली असताना. पण माझं सगळं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. आमच्या वेबसाइटवर किती माणसं येऊन गेली, ते सांगणारा आकडा मी सकाळपासून दर दहा मिनिटांनी बघत होते. काल तो एकशे बारा होता. आता एकशे सत्तेचाळीस झाला होता.

"या मॅडम! नवा जोड सोमवारी द्यायचाय ना? तात्या दवाखान्यात मापं घ्यायला गेलेत," मी म्हटलं.

त्या बसल्या नाहीत. पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"हा फोटो कुणी काढला, वैजू?"

कागद उलगडायच्या आधीच मला कळलं. आमच्या वेबसाइटचं पहिलं पान छापलेलं होतं. वर 'सिद्राम व्हटकर, मिरज', खाली दुकानाचा फोन नंबर, आणि मधोमध काळ्या सँडल घातलेली दोन पावलं. साडीचा काठ घोट्यापर्यंत उचललेला.

"मी," मी म्हटलं.

तात्या म्हणजे माझे वडील. एक पाय आखूड असलेल्यांसाठी, पोलिओ झालेल्यांसाठी, शुगरनं पाय खराब झालेल्यांसाठी ते पादत्राणं करायचे. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळं काम मिळायचं, पण दवाखान्यांतही तयार माल येऊ लागला आणि आमच्याकडं येणारी माणसं पांगत चालली. ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. मी तेवीस वर्षांची होते, नुकतीच बीसीए झाले होते, आणि दुकान वर काढायचं मी मनावर घेतलं होतं. आमची एक वेबसाइट होती, कुणीतरी ओळखीच्यानं करून दिलेली. तिच्यावर एक गोरा माणूस समुद्रकाठी पळत होता आणि हिरवी अक्षरं इकडून तिकडं सरकत होती. तिच्यावरून वर्षभरात एकही फोन आला नव्हता.

मी ती पाडून नवी केली. साधी, मराठीत. पण चेहरा नसलेल्या घरासारखी दिसायची ती. काहीतरी खरं हवं होतं. मग एके दुपारी मॅडम जोड घालून बघायला आल्या होत्या, तेव्हा मी काउंटरआडून मोबाइलवर त्यांच्या पावलांचा फोटो काढला. डावा पाय दोन इंच आखूड. तात्यांनी डाव्या सँडलला आतून कॉर्कचा उंच तळ दिला होता आणि उजवीची कडा तेवढीच उंच ठेवून आतून ती पोकळ केली होती. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच. वरून बघितलं तरच फरक दिसे. माझा फोटो वरून होता.

तो फोटो टाकला आणि पंधरा दिवसांत सातारा, विजापूर, बार्शी, कुठून कुठून फोन यायला लागले. "तो फोटोतला जोड आहे ना, तसला पाहिजे," असंच सगळे म्हणायचे. तात्यांनी एकदाच विचारलं होतं, "मॅडमना विचारलंस ना?" मी म्हटलं होतं, "होय, विचारलं." फोटोत चेहरा नव्हता. चेहरा नसला की विचारायची गरज नसते, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, चेहरा नाही त्यात," मी म्हटलं.

"चेहरा नाही, हे मला दिसतंय." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आमच्या ऑफिसात कोरे म्हणून आहेत. त्यांच्या आईला शुगरचे बूट करायचेत. काल त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे पान काढलं, छापलं, आणि सगळ्यांना दाखवत फिरले. बघा, काय काम आहे माणसाचं! माझ्या टेबलापाशी आले. कागद दाखवला. मग त्यांची नजर खाली गेली. बक्कल ओळखलं त्यांनी."

"काही बोलले?"

"काही बोलले नाहीत. तेच तर. चहा स्वतः आणून दिला. आज सकाळी रजिस्टर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. बारा वर्षं मी उठून रॅकपर्यंत जाते, वैजू. आज उठले, तर म्हणाले, तुम्ही बसा, तुम्ही बसा." त्यांनी पर्सची चेन ओढली. "कवठे महांकाळला आमच्या पतसंस्थेची नवी शाखा निघतेय. शाखाधिकारी म्हणून माझं नाव आहे. आज कोरे हळूच म्हणाले, मॅडम, ते तुम्ही मनावर घेऊ नका, रोजची एसटी, चढउतार. शनिवारच्या मीटिंगआधी मी चेअरमनशी बोलतो, तुमची सोय बघायला सांगतो."

"पण मॅडम..." मला गप्प बसायला हवं होतं. पण तेवीस वर्षांच्या माणसाला सगळंच ठाऊक असतं. "त्यात लपवण्यासारखं काय आहे? लाजण्यासारखं काहीच नाही."

"नाहीच," त्या म्हणाल्या. "पण सांगायचं की नाही, कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, ते मी ठरवणार होते. तू ठरवलंस."

कागद तिथंच टाकून त्या पायरी उतरून गेल्या. मी बघत राहिले. चालताना काहीसुद्धा कळत नव्हतं.

तात्या दुपारी आले. भाकरीचं ताट पुढं घेऊन बसले, आणि मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. फोटो काढून टाकल्याचंही सांगितलं.

"तिनं हो म्हटलंय, असं तू सांगितलं होतंस."

"खोटं बोलले."

तात्या मला कधी रागावत नसत. त्या दिवशीही रागावले नाहीत. ताट बाजूला सारलं, हात धुतला, आणि चामडं कापायची रापी घेऊन दगडावर घासत बसले.

"नऊ वर्षांची होती," ते म्हणाले. "बापानं कडेवर आणली होती. नऊ वर्षांची पोर कडेवर. मी माप घेतलं. तिनं एकच विचारलं, वर्गात कळणार नाही ना? मी म्हटलं, नाही कळणार. तवापासून दर वर्षी दोन जोड करतो. एवढ्या वर्षांत कुणाला कळलं नाही." रापी त्यांनी अंगठ्यावर धरून बघितली. "आपलं काम दिसत नाही, म्हणून तर माणसं येतात आपल्याकडं."

"मी त्यांच्या ऑफिसात जाऊन माफी मागू?"

"आणि काय सांगशील? की तो पाय त्यांचाच आहे म्हणून?"

बुधवार कसा गेला ते मला अजून आठवतं. एका जागी बसवत नव्हतं. बाहेर यायचे, रस्ता बघायचे, आत जायचे. फोन वाजला की दचकायचे. बार्शीचा माणूस विचारत होता, "फोटो कुठं गेला हो वेबसाइटवरचा?" मी म्हटलं, दुरुस्ती चाललीय. कॉम्प्युटर उघडायचे, बंद करायचे. फोटो माझ्या पानावरून गेला होता, पण कोऱ्यांनी ऑफिसभर दाखवलेला कागद कसा मागं घेणार होते? त्यांच्या डोळ्यांनी बघितलेलं कसं पुसणार होते? तात्या मात्र खाली मान घालून मॅडमचा नवा जोड शिवत होते. पडद्याआडच्या कारखान्यात, प्लायच्या भिंतीमागं, संध्याकाळपर्यंत तो जवळजवळ तयार झाला. फक्त पॉलिश राहिलं होतं.

गुरुवारी सकाळी कोरे आले. आईला घेऊन.

मी आत होते. प्लायच्या फटीतून सगळं दिसत होतं. कोरे पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, देवळातून आल्यासारखे. आईला त्यांनी इतक्या हळुवारपणे स्टुलावर बसवलं, की त्यांच्यावर रागावायची तयारी करून बसलेली मी गोंधळले.

"नमस्कार, मामा. आईच्या बोटाला जखम भरत नाही. मऊ काहीतरी करा." मग इकडं तिकडं बघून म्हणाले, "वेबसाइट फार छान केलीय हं तुमची. तो फोटो होता, सँडलचा. आता दिसत नाही तो?"

"दुरुस्ती चाललीय," तात्या म्हणाले, आणि म्हातारीचा पाय मांडीवर घेतला.

"मामा, एक विचारू? मी वाईट मनानं विचारत नाही." कोऱ्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या मगदूम मॅडम येतात ना तुमच्याकडं? तो फोटो त्यांचाच ना? म्हणजे, बारा वर्षं शेजारी बसतात हो बिचाऱ्या, आम्हाला पत्ता नाही. आम्ही त्यांना काय काय कामं सांगितली असतील. शनिवारी मीटिंग आहे, चेअरमनना आधी सांगितलं तर त्यांना इथंच ठेवतील. पण खात्री असल्याशिवाय कसं बोलायचं?"

तात्या बोलले नाहीत. आयुष्यात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. 'नाही' म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती, आणि प्रत्येक क्षणाला त्यांचं गप्प बसणं 'होय'कडं सरकत होतं. मला ते फटीतून स्पष्ट दिसत होतं. कोऱ्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू खात्री उमटायला लागली होती.

मी काय करतेय, याचा विचार केला नाही. फळीवरचा जोड उचलला, खाली बसले, पाय घातले. उजवी सँडल बोटांना आवळली. डावीत पाय घातल्यावर मी एका बाजूला उंच झाले. बक्कलं लावली आणि पडदा सारून बाहेर आले.

नाटक करावं लागलं नाही. दोन्ही पाय सारखे असलेल्या माणसानं ते घातलं, की पहिल्याच पावलाला कंबर वाकडी होते. दुसऱ्या पावलाला मी टेबल धरलं.

"तो फोटो माझा आहे," मी म्हटलं.

कोऱ्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. तीच सँडल, तेच पितळी बक्कल. त्यांनी मान वर केली, तेव्हा चेहरा पार बदलला होता.

"म्हणजे तुम्ही... तू मामांची मुलगी?"

"होय. तात्या हे डिझाइन पुष्कळ जणींना करतात. मॅडमना आवडलं म्हणून त्यांनाही साधा जोड केला. त्यांच्या पायाला काही नाही. फोटो माझा. तो बघून लोक फार चौकशा करायला लागले, म्हणून वेबसाइटवरून काढला."

तात्यांचा हात म्हातारीच्या पायावर तसाच थांबला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. काय होतं त्या नजरेत, मला वाचता आलं नाही.

"अगं बाई!" कोऱ्यांची आई स्टुलावरून अर्धी उठली. "एवढीशी पोर! ये, ये, बस इथं. बस आधी." तिनं माझा हात ओढून मला स्टुलावर बसवलं आणि आपण भिंतीला टेकली. "जन्मापासनं का गं?"

"होय," मी म्हटलं.

"रूप दिलं देवानं, अन् बघ की..." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

कोरे तात्यांकडं वळले. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना त्यांनी तात्यांना विचारलं, "शिक्षण वगैरे काही?"

"तिलाच विचारा की," तात्या म्हणाले.

मग ते माझ्याकडं वळून, लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "किती शिकलीस, बाळ?"

"बीसीए."

"अरे वा! वा, वा! ऐकलंस का, आई? बीसीए!"

मी बीसीए झाले, तेव्हा सगळ्या मिरजेत कुणी मला इतक्यांदा 'वा' म्हटलं नव्हतं.

तात्यांना पावलाची रेघ काढायला जाड कागद हवा होता. मी सवयीनं उठले. कोरे धावले. "तू नको, तू नको, मी देतो." पेन्सिल खाली पडली, मी वाकले, म्हातारी ओरडली, "अगं राहू दे!" पुढं मला तहान लागली. माठ चार पावलांवर होता. मी उठले असते, तर मायलेकांची धांदल उडाली असती, म्हणून मी उठले नाही. अर्धा तास तशीच बसून राहिले. सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते, आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

जाताना कोऱ्यांनी दारातून हात जोडले. "मी उगाच मॅडमबद्दल... बरं झालं विचारलं. नाहीतर चेअरमनना काहीतरीच सांगून बसलो असतो."

ते गेले. तात्या गुडघ्यावर बसले आणि त्यांनी स्वतः माझं बक्कल सोडलं. उजव्या करंगळीला फोड आला होता.

"हा जोड आता मॅडमना देता यायचा नाही," ते म्हणाले. "चामडं तुझ्या पायावर बसलं."

"तात्या, रागावलात?"

"एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नव्हतो."

"तुम्ही कुठं बोललात? मी बोलले."

"मी गप्प बसलो ना." त्यांनी सँडल उचलून फळीवर उलटी ठेवली आणि नवा कॉर्क काढला. "दोरा दे. सोमवारपर्यंत दुसरा करायचाय."

शनिवारी मीटिंग झाली असणार. आम्हाला काही कळलं नाही. रविवारी दुकान बंद, तरी मी दोनदा कुलूप काढून आत येऊन बसले. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. मॅडमना फोन करावा असं दहादा वाटलं, पण तो नंबर हातात घ्यायचासुद्धा आपल्याला हक्क उरलेला नाही, असं वाटून मी तो ठेवून दिला.

सोमवारी दुपारी दोन वाजता, रस्ता ओस पडल्यावर, मॅडम आल्या. तात्यांनी नवा जोड पुढं ठेवला. त्यांनी घातला, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. नीट बसला होता. मग त्यांची नजर फळीवर उलट्या ठेवलेल्या दुसऱ्या जोडाकडं गेली. त्यांनी तो हातात घेतला, आत बोटं घातली. एवढी वर्षं तसली सँडल घालणाऱ्या बाईला चामड्याची चुकीच्या जागी पडलेली घडी कळायला वेळ लागत नाही.

"कोरे सांगत होते, व्हटकरांची मुलगी भेटली म्हणून," त्या म्हणाल्या. "बिचारी, एवढी शिकलेली, असं म्हणत होते. मला कळेचना, कुठली मुलगी."

मी फळीवरचा कॉर्कचा चुरा हातानं गोळा करायला लागले.

"किती वेळ घातलीस?"

"अर्धा तास."

"तुला बसायला दिलं त्यांनी?"

"त्यांच्या आईनं स्वतःचं स्टूल दिलं."

"आणि 'वा' म्हणाले?"

"पुष्कळदा."

मॅडम हसल्या. आधी ओठ दाबून, मग त्यांना आवरेना. टेबलाला धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मलाही हसू फुटलं आणि मग रडूही. तात्या उठून पाणी प्यायला आत गेले.

"एक तारखेपासून कवठे महांकाळ," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "शाखाधिकारी. तिथल्या माणसांना मी काय सांगेन, ते माझं मी बघेन. कदाचित पहिल्याच दिवशी सांगेन." मग त्या गंभीर झाल्या. "पण मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, वैजू."

"नाही समजत."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पायातून काढलेला जुना जोड पिशवीत घालून निघून गेल्या.

त्या महिन्यात फोन थंडावले. फोटो गेला, तसे विजापूरवालेही गेले. वेबसाइटवरचा आकडा जागचा हलेना. मी नुसत्या सँडलचे फोटो टाकून बघितले, फळीवर ठेवलेल्या, पाय नसलेल्या. कुणाला काही कळत नसावं त्यांतून. एके संध्याकाळी मी तात्यांना विचारलं, "तुम्ही गिऱ्हाइकाला पहिल्यांदा काय सांगता? माप घ्यायच्या आधी?"

"काय सांगणार? हेच, की कुणाला कळणार नाही."

मी ते पहिल्या पानावर टाकलं. मोठ्या अक्षरांत, दुसरं काही नाही: 'आमच्याकडं कोण येतं, ते आम्ही कुणाला सांगत नाही. कुणाचाही फोटो काढत नाही.' खाली फोन नंबर.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी फोन वाजला. पलीकडं कुणी बोलेना, फक्त श्वास ऐकू येत होता. मी वाट बघितली.

"ते तुम्ही लिहिलंय," शेवटी एका बाईचा आवाज म्हणाला, "ते खरं आहे का?"

"खरं आहे," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "मी दुपारी आले तर चालेल? गर्दी नसताना?"

"चालेल की. दोन वाजता या. मी शटर अर्धं ओढून ठेवते."

मी तिचं नाव विचारलं नाही. कुठला पाय, आणि किती इंच, एवढंच विचारलं.